पेवातली हाक

वडिलांचं नाव टोळीतून कमी करू नका, हे मालकांना सांगायला मी गेलो तेव्हा माझ्या अंगात पदवी घ्यायला शिवलेला कोट होता. भर मार्चात. कोट नसला तर मालक बसा म्हणणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते बसा म्हणाले. कोटामुळे म्हणाले, बी.ए. झालो म्हणून म्हणाले, की वडिलांच्या बावीस वर्षांच्या इमानामुळे म्हणाले, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

आमच्या सगळ्या भावकीत बी.ए. झालेला मी पहिला. मॅट्रिक झालेलाही मीच पहिला, आणि त्याच्या आधी सातवी पास झालेलाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कुठं झाकून ठेवत नाही. पण त्या मार्चात आमच्या घरात जे झालं ते समजून घ्यायला माझं शिक्षण पुरलं नाही. तेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

वडील हळदीच्या पेवांवर काम करायचे. सांगलीची हळदीची पेठ मोठी, आणि पेठेतली हळद साठवायची ती हरिपूरच्या पेवांत, नदीकाठच्या जमिनीखाली. पेव म्हणजे जमिनीत खणलेला मोठा रांजणच. तोंड एवढं की एका माणसाचे खांदे कसेबसे आत जावेत. आत मात्र पोट खोलीएवढं. बाजूंना गवताचं, पाचटाचं अस्तर लावायचं, आत हळद ओतायची, आणि तोंडावर फळ्या टाकून वरून माती लिंपायची. वर्ष जावो, दोन वर्षं जावोत, हळद आहे तशी राहते. कीड लागत नाही, कारण आत कीड जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की ते दोन दिवस वाऱ्याला मोकळं ठेवायचे, मग कंदील खाली सोडून बघायचे, आणि कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा. पाट्या भरभरून हळद वर येई, तसतसं पेव खोल होत जाई आणि आतली हवा जड होत जाई.

वडील पहिले उतरणारे. टोळीत चौदा माणसं, पण पेवात पहिला पाय वडिलांचा किंवा त्यांच्या जोडीदाराचा. एक दिवस हे खाली आणि तो वर दोर धरून, दुसऱ्या दिवशी तो खाली आणि हे वर. उतरणारा आपला पटका सोडून दोर धरणाऱ्याच्या हातात द्यायचा. तो माणूस वर येईपर्यंत पटका जमिनीला लागता कामा नये, म्हणून तो खांद्यावर टाकायचा. मग दोर धरणारा थोड्या थोड्या वेळानं पेवाच्या तोंडात वाकून हाक मारायचा, "हाय का?" खालून उत्तर यायचं, "हाय!" उत्तर नाही आलं तर पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेलाही नाही आलं, तर ओढायचं. यात कुणी लिहिलेलं काही नव्हतं.

आणखी एक रीत होती. एका घरातली दोन माणसं एका दोरावर नकोत. बाप खाली असेल तर मुलानं दोर धरायचा नाही, भाऊ खाली असेल तर भावानं नाही. मला लहानपणी वाटायचं ही काहीतरी देवाची बंदी असेल. वडिलांनी एकदा सांगितलं, "देवाचं न्हाई रं. परका माणूस वरनं ओढतो. घरचा माणूस खाली उडी मारतो. मग दोन मढी."

लढाईच्या वर्षांत हे सगळं आवळत गेलं. मुंबईहून तारा यायच्या, भाव हलायचा, आणि माल आज हवा असायचा. दोन दिवस मोकळं ठेवायचं पेव एक दिवस ठेवू लागले. मग उजाडता उघडायचं आणि ऊन डोक्यावर आलं की उतरायचं. घासलेट रेशनवर होतं, त्यामुळे कंदील खाली सोडला न सोडला तोच मालकांचे दिवाणजी म्हणायचे, "जळतोय न्हवं? मग काढा वर." टोळीतल्या कुणी तक्रार केली असं मला आठवत नाही. विचारलं तर म्हणायचे, चाललंय. लढाई संपली, पण तारा थांबल्या नाहीत आणि ते दोन दिवसही परत आले नाहीत.

वडिलांचा जोडीदार मोठा नकल्या माणूस. टोळी दोघांना नवराबायको म्हणायची. त्यातला नवरा कोण यावरून रोज वाद. तो खाली असला की वडिलांची हाक आली तरी मुद्दाम गप्प बसायचा. वडील दुसऱ्यांदा ओरडले की खालून म्हणायचा, "हाय की रं! बायकोला एवढी काळजी न्हाई!" सगळे हसायचे. वडीलही हसायचे, आणि वर शिवी द्यायचे. माझ्या लहानपणापासून मी हे ऐकत आलो होतो.

दिवाळीनंतर एका दुपारी तो खाली होता आणि वडील वर. हाक मारली, उत्तर आलं नाही. दुसरी मारली, उत्तर आलं नाही. वडील म्हणाले, "झालं याचं सोंग सुरू," आणि तिसरी हाक मारायच्या आधी हातातला तंबाखू मळून पुरा केला. असं टोळीतले सांगतात. वडिलांनी स्वतः कधी सांगितलं नाही. तिसऱ्या हाकेनंतर ओढलं. कडुनिंबाखाली आणून ठेवलं, पाणी मारलं, छाती चोळली. तो गेला होता. कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं गेलं. ते खोटंही नव्हतं म्हणा. कुणाचंही शेवटी हृदयच बंद पडतं.

त्यानंतर चार महिने वडील कामावर जात होते. नवा दोर धरणारा मिळाला, पैलवानी अंगाचा, तालमीतला. वडील उतरत होते, पाट्या भरत होते, हाकेला उत्तर देत होते. घरी जेवत होते, झोपत होते. एकच, जोडीदाराच्या घरावरून जायची वाट त्यांनी सोडली होती आणि मळ्यातून लांबून जात होते. आईनं विचारलं तर म्हणाले, "तिकडं कुत्री लय झाल्यात."

आणि मार्चात एका सकाळी ते पेवाच्या तोंडाशी बसले, कमरेला दोर बांधला, पटका पैलवानाच्या हातात दिला, पाय आत सोडले, आणि तसेच बसून राहिले. दुपारपर्यंत. मुकादम आधी हसला, मग चिडला. ऊन कलायला लागल्यावर वडील उठले. दोर सोडला, पटका घेतला, घरी आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

गावात ज्याला जे सुचलं ते तो बोलला. कुणी म्हणालं जोडीदारानं धरलं. कुणी म्हणालं म्हातारा झाला. आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात एक जण म्हणाला, "पोरगं बी.ए. झालंय. आता कशाला उतरतोय? खुर्ची टाकून बसंल पेवावर." हे मात्र मला लागलं. वडिलांना लागलं असेल की नाही, सांगता येत नाही.

म्हणून मी मालकांकडे गेलो. मालक हळदीचे मोठे आडते, जैन, देवभोळे, मुंगीलाही साखर घालणारे. मला त्यांनी ताक दिलं. म्हणाले, "तुझ्या बापाला मी काढत न्हाई. पण तू शिकलेला हाईस, तूच सांग. नवी हळद दारात येऊन पडलीया. जुनी पेवं रिकामी व्हायला पायजेत. त्यो पहिला उतरल्याबिगर बाकीची उतरत न्हाईत. बसलीत सगळी बिड्या वडत. मी काय करू?"

मी म्हणालो, "थोडे दिवस दुसरं काम द्या. वाळवणावर, चाळणीवर."

"बायकांच्यात बसवू? त्याला?"

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. ते म्हणाले, "आठ दिस बगतो. तू त्याला समजाव. भ्यायचं काय कारण? कंदील जळतोय, हवा चांगली हाय. शिकलेल्या माणसाचं त्यो ऐकंल."

घरी येताना मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या. एक, की मालक वाईट नाही. दुसरी, की हा माणूस बरोबर बोलत नाही. पण कुठं चुकतोय ते बोट ठेवून दाखवता येईना. कंदील जळत होता, हे तर खरंच होतं.

साताऱ्याच्या एका वकील मित्राकडून मी कारखान्यांच्या कायद्याचं पुस्तक आणलं होतं. रात्रंदिवस नाही, पण दोन दुपारी बसून ते वाचलं. कामाचे तास, खिडक्या, पिण्याचं पाणी, मुतारी, यंत्राला कठडा, सगळ्याची कलमं होती. पेव म्हणजे कारखाना का, हे त्यात सापडलं नाही. शिवाय ते पुस्तक इंग्रज सरकारच्या मुलखाचं, आणि आमची सांगली संस्थानात. साताऱ्याला लागू होतं ते कृष्णेच्या या वळणावर लागू होतं की नाही, हे वकील मित्रालाही सांगता आलं नाही. आणि लागू असतं तरी ज्या माणसाला काही झालेलं नाही, ज्याचे हातपाय धड आहेत, पण ज्याला उतरता येत नाही, त्याच्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. मी पुस्तक मिटलं. चिडलो तो मात्र वडिलांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परसात दाताला राख लावत बसले होते. मी जवळ जाऊन बसलो.

"आबा, भीती वाटते का?"

"न्हाई."

"मग उतरत का नाही?"

"उतराय येत न्हाई."

"म्हणजे काय?"

ते थोडा वेळ बोट दातावर फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाय सोडतो मी. मग वाटतं, आता हाक इल."

"हाक तर येणारच. ती तुमच्याच भल्यासाठी आहे."

"त्येच," ते म्हणाले आणि चूळ भरली.

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. कळलं नाही म्हणून मी जे मला कळत होतं ते सांगायला लागलो. कार्बन डायॉक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसतो, त्यात ज्योत विझते, माणूस गुदमरतो. ज्योत जळते तिथं माणूस जगतो. हे सगळं मी जमिनीवर काडीनं पेवाचं चित्र काढून समजावलं. वडिलांनी कीर्तन ऐकावं तसं मान हलवत ऐकलं. शेवटी म्हणाले, "लय शिकलास." टोमणा नव्हता तो. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मला तर तोंडात मारल्यासारखं झालं.

आठ दिवसांतले पाच गेले होते. मग माझ्या डोक्यात आलं की सांगून होत नाही, तर करून दाखवावं. आपण उतरायचं. सगळ्यांसमोर. मुलगा, ज्यानं आयुष्यात हातात लेखणीशिवाय काही धरलं नाही, तो उतरला आणि हसत वर आला, की वडिलांची भीती जाईल. मला हा विचार इतका सरळ वाटला की तो आधी का सुचला नाही याचंच नवल वाटलं. दोर पैलवान धरणार होता, म्हणजे घरातली दोन माणसं एका दोरावर नाहीत. रीतही पाळली जात होती. ही पळवाट शोधल्याबद्दलही मी स्वतःवर खूश होतो.

त्या सकाळी टोळी पेवाभोवती बसलेली. पेव निम्मं रिकामं झालेलं, दोन माणसांच्या उंचीएवढं खोल. वडील नेहमीप्रमाणे काठावर, पाय आत सोडून. मी जाऊन म्हणालो, "आबा, जरा सरका." ते सरकले. मला वाटतं, मी आत डोकावून बघणार आहे अशी त्यांची समजूत झाली असावी.

मी कंदील सोडायला लावला. चांगला वेळ खाली ठेवला. दिवाणजी घासलेटावरून कुरकुरले, मी लक्ष दिलं नाही. ज्योत सरळ होती. मग मी कोट काढला.

"बी.ए. सायेब," एक जण ओरडला, "धोतर बी काढा, पिवळं झालं तर लोक म्हणतील लगीन ठरलं!"

"इंग्रजीत उतरणार का मराठीत?"

सगळे हसले, मीही हसलो. टोळीतला सगळ्यात म्हातारा गडी मात्र उठून उभा राहिला. "आवं, बाप हितं बसलाय. पोरानं उतरू ने. ही रीत न्हाई."

"दोर आबा धरणार नाहीत," मी म्हणालो. "पैलवान धरतोय."

"दोराचं न्हाई वो..." तो म्हणाला, आणि मान हलवत पुन्हा खाली बसला.

मी वडिलांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पेवाच्या तोंडाकडे बघत होते. "आबा, बघा आता," असं म्हणून मी आत सरकलो. डोक्यावर पटका नव्हता माझ्या, कॉलेजात सुटला होता. त्यामुळे पैलवानाच्या हातात द्यायला काही नव्हतं.

आत कसं वाटतं ते मला अनेकांनी विचारलं. गरम असतं. हळदीचा वास इतका असतो की थोड्या वेळानं वासच राहत नाही. पायाखाली हळकुंडं सरकतात, कुठं उभं राहावं कळत नाही. वर बघितलं तर उजेड भाकरीएवढा. आणि आवाज मरतो. वरच्या लोकांचं बोलणं गोधडीखालून आल्यासारखं.

"हाय का?" पैलवानाचा आवाज आला.

"हाय!" मी ओरडलो.

थोड्या वेळानं पुन्हा, "हाय का?"

"येस सर!" मी म्हणालो, आणि वर हसणं ऐकू आलं. मला फार बरं वाटलं. दोनचार हळकुंडं मी पुरावा म्हणून मुठीत घेतली.

मग तिसऱ्यांदा हाक आली, आणि तो आवाज वडिलांचा होता. नंतर कळलं की त्यांनी उठून पैलवानाच्या हातातून दोर काढून घेतला होता. पैलवान बिचारा, ताकदीनं दुप्पट, पण त्यांच्या तोंडाकडे बघून त्यानं सोडला.

"हाय का?"

मी गप्प राहिलो.

हे मी आज इतक्या वर्षांनी लिहितोय, आणि का गप्प राहिलो ते लिहिता येईल म्हणून इथवर आलो. येत नाही. श्वास चालू होता. डोकं शुद्धीवर होतं. हाक स्वच्छ ऐकू आली होती. गंमत करायची होती का? मुळीच नाही. त्यांना धडा शिकवायचा होता का? पाच दिवस मी चिडलेलो होतो हे खरं. पण त्या क्षणी राग नव्हता. त्या दोन शब्दांत असं काहीतरी होतं की ते मला विचारलेलेच नाहीत असं वाटलं. दुसऱ्या कुणाला विचारलेत, आणि मी मध्ये उत्तर देऊ नये. असंही वाटलं असेल, किंवा हे मी मागाहून जुळवलं असेल. तोंड उघडलं होतं एवढं आठवतं.

"हाय का?" दुसऱ्यांदा. आवाज चिरका.

तिसरी हाक झालीच नाही. भाकरीएवढा उजेड गेला, आणि काहीतरी माझ्या शेजारी हळदीत धपकन पडलं. अंधारात एक हात माझ्या अंगावरून फिरला, खांदा, मान, गाल, आणि दोन बोटं माझ्या नाकाखाली येऊन थांबली. तिथं ती बराच वेळ राहिली. त्या बोटांना तंबाखूचा वास होता. हळदीच्या त्या सगळ्या वासात तेवढा एक वेगळा.

"आबा," मी म्हणालो.

बोटं नाकाखालून निघाली.

वर गोंधळ उडाला होता. कुणीतरी सुटलेला दोर धरला, आणि पैलवानाचा घाबरलेला आवाज आला, "हाय का? आरं, हाय का?"

वडील वर तोंड करून म्हणाले, "दोघं हाय."

आम्हाला वर काढलं आणि एकच ओरडा झाला. मुकादमानं माझ्या पाठीवर थाप मारली. "उतरवला! गड्या, बापाचं भ्या काढलं यानं! आत गप बसला बेटा! काय डोकं!" दिवाणजीही म्हणाले की शिक्षण ते शिक्षण. मालकांनी माणूस पाठवून शाबासकी कळवली. सगळ्यांना वाटलं मी ठरवून गप्प बसलो. मी कुणाला नाही म्हणालो नाही. कोट घातला आणि उभा राहिलो.

वडिलांचा पटका जमिनीवर पडलेला होता. त्या सकाळी तो पैलवानाकडे न देता त्यांनी स्वतःच्याच खांद्यावर टाकला होता, दोर घेताना पडला असावा, आणि त्या गडबडीत कुणी उचलला नव्हता. त्यांनी तो उचलला, झटकला, डोक्याला मात्र बांधला नाही. घडी करून काखेत धरला. मुकादमाला म्हणाले, "माझं नाव काढा."

"आरं, आत्ता तर उतरलास की!"

"व्हय. झालं ते उतरून."

म्हणजे जे होऊ नये म्हणून मी मालकांकडे गेलो होतो, ते माझ्याच हातून झालं. की माझ्या हातून झालं ते वेगळंच काही होतं? तीन दिवस उरले होते. वडील तसेच बसून राहिले असते तर नाव कमी झालं असतंच. पण मग ते मालकांनी कमी केलं असतं. मालकांनी नंतर दोनदा बोलावणं धाडलं. वडील गेले नाहीत. पैलवान पहिला उतरायला लागला. पेव एक दिवस मोकळं ठेवल्याशिवाय उतरणार नाही असं म्हणाला तो, आणि मालकांनी ऐकलं. त्यात माझा काही वाटा आहे असं टोळी समजते. मला माहीत नाही.

जूनमध्ये मला साताऱ्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली. आईवडिलांना घेऊन मी साताऱ्याला आलो, दोन खोल्या घेतल्या. पंख्याखाली बसायचं काम. पण वरचे साहेब फार हाका मारायचे. आतल्या खोलीतून नावानं हाक आली की मी उठून जायच्या आधी "आलो" म्हणायला हवं, ही तिथली शिस्त. मला कितीदा तरी म्हणताच यायचं नाही. पाय उठायचे, आवाज यायचा नाही. हेडक्लार्क म्हणायचे, "बी.ए. झालात, जीभ कॉलेजात ठेवून आलात का?" मी हसायचो. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? ओढून काढावं असं तिथं काही नव्हतं.

वडील साताऱ्यात दिवसभर ओट्यावर बसायचे. शेजाऱ्यांना बोलायला माणूस मिळाला, ते त्यांना पेवांच्या गोष्टी विचारायचे, हे सांगायचे. हसायचेही. जोडीदाराच्या नकला करून दाखवायचे. नवराबायकोची गंमत सांगायचे. तंबाखू मात्र सोडला होता.

दिवाळीनंतर एका रविवारी मी त्यांच्याशेजारी बसून दाढी करत होतो. आरसा खिडकीला टेकवलेला, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी रस्त्याकडे बघतच विचारलं, "तवा तुला हाक ऐकू आली हुती?"

कुठली हाक, असं विचारायची गरज नव्हती.

वस्तरा हातात तसाच राहिला. मी विचार करायला लागलो. ऐकू आली नाही म्हटलं, तर बाहेरची हाक आत पोचतच नाही असं त्यांना वाटेल. मग जोडीदारालाही पोचली नसेल. मग तो सोंग करत नव्हता, आणि यांनी ओळखायला हवं होतं. का उलट? पोचलीच नाही तर यांचा दोष काय? आणि ऐकू आली होती म्हटलं, तर मी जिवंत, शुद्धीवर असून बापाला उत्तर दिलं नाही. पण मग जोडीदारही शुद्धीवर असून गप्प राहिला असेल, आणि माणूस गप्प राहतो तेव्हा तंबाखू मळणाऱ्याचा गुन्हा तो काय? का तेव्हाच जास्त? तर्कशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. त्या खिडकीपाशी मला कुठल्या उत्तरानं बापाचं ओझं उतरेल आणि कुठल्यानं चढेल, ते सांगता येईना. साबण वाळायला लागला.

शेवटी मी खरं सांगितलं, कारण दुसरं काही ठरवता आलं नाही.

"आली होती, आबा. दोन्ही आल्या होत्या. तोंड उघडलं. आवाज फुटला नाही."

"का?"

"माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, सुटल्यासारखंही काही नव्हतं. चुकीच्या स्टेशनावर उतरलेला माणूस पाटीकडे बघतो तसे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याचं बी तसंच झालं असंल?"

मी म्हणालो, "असेल."

"का न्हाई बी."

"नसेलही."

त्यांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. मग आत बघून आईला म्हणाले, "माझा पटका कुटं हाय?" आईनं ट्रंकेतून काढून दिला. घडी तशीच होती, घडीच्या रेघेवर पिवळी धूळ. ओट्यावरच बसून त्यांनी तो सोडला आणि डोक्याला बांधला.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"हरिपूरला. तिला सांगून येतो." तिला म्हणजे जोडीदाराच्या बायकोला. वर्ष झालं होतं, तिच्या दारात हे गेले नव्हते.

"काय सांगणार?"

"आता तू सांगितलास त्येच."

"पण मी काय सांगितलं?" मी म्हणालो. मला खरंच विचारायचं होतं. ते ओट्यावरून खाली उतरले होते.

मी तसाच अर्ध्या साबणानं सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. लोक बघत होते. ते तिसऱ्या दिवशी परत आले. तिनं चहा केला म्हणाले, आणि चपला काढून ओट्यावर बसले. तिनं काय ऐकलं, काय म्हणाली, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मी मोरीत हातपाय धूत होतो, पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. नळ बंद केला तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला. ही पहिली हाक होती की दुसरी, कोण जाणे.

"हाय का रं?"

"हाय," मी म्हणालो. थोडा वेळ लागला, पण म्हणालो.